पुरे म्हणायचं बटण

धडा पहिला

ती रोपवाटिकेत आली होती मातीसाठी. खिडकीतल्या कुंडीची माती दगड झाली होती, एवढंच काम. सोबत नऊ वर्षांची लेक, जिला ती मुंगी म्हणायची; आईच्या पिशवीचा बंद धरून, नेहमीसारखी तोंडाला कुलूप लावून.

रोपवाला पाइप घेऊन वळला आणि तिची उजवी बाही कोपरापर्यंत भिजली.

"अरे — सॉरी हं! दिसलाच नाहीत."

"दिसायला काय करू? या कुंड्यांसारखी पाटी लावून फिरू?"

"फिरा की. निदान नाव तरी कळेल..."

ती शिवणकाम करायची. महागड्या कापडाला कात्री लावताना हात न थरथरणारी बाई, पण या उत्तरावर तिनं उगाचच जवळच्या कुंडीची पाटी वाचायला घेतली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ही कोणती भाषा आहे?"

मुंगी! मुंगी बोलली होती!

चार महिन्यांनी. शाळेत आधी उत्तरं बंद झाली, मग डबा परत यायला लागला, मग आवाजच गेला. आईनं तिला शाळेतून काढून घरी बसवलं आणि शिवणाच्या डब्यातलं एक मोठं लाल बटण तिच्या हातात ठेवलं. पुरे वाटलं की पुस्तकावर हे ठेवायचं. कोणी कारण विचारणार नाही.

"लॅटिन," रोपवाला म्हणाला.

"काय लिहिलंय?"

त्यानं ओल्या हातानं कान खाजवला. "बारा वर्षं यादीतून बघून उतरवतोय. अर्थ... खरं सांगू? मला नाही येत."

"या पाटीवर आल्बा आहे. त्या पाटीवरही आल्बा आहे. आणि दोन्हींना पांढरी फुलं आहेत."

त्यानं एका कुंडीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "बारा वर्षं!" तो स्वतःशीच म्हणाला.

"मला हे शिकायचंय," मुंगी म्हणाली.

आईनं पिशवी खाली ठेवली. बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"मलाही," रोपवाला म्हणाला.

धडा पहिला, पुन्हा

"लॅटिन?" दादा म्हणाला. घर दादाचं, बहीण एकटी पडल्यापासून वरच्या दोन खोल्या तिच्या. त्यामुळे दादाला जिना चढून आल्यावर दार वाजवायची सवय नव्हती. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एक महिना देतो. धड अभ्यासक्रम दाखव, नाहीतर पोरगी शाळेत जाईल. मग तुझंही कुठेतरी बघू."

"माझं काय बघायचंय?"

"बघू," दादा म्हणाला आणि खाली गेला.

तिनं तीन अभ्यासक्रम मागवले. रोज साडेपाचला रोपवाटिका बंद करून रोपवाला यायचा. हात घासून धुतलेले, तरी नखांत माती. स्वयंपाकघरातल्या टेबलाला तीन खुर्च्या, तिघांपैकी एकालाही काही येत नव्हतं. मधोमध लाल बटण.

पहिलं पुस्तक जाडजूड, तपकिरी. पहिल्याच पानावर चाळीस चौकोनांचं कोष्टक, खाली सूचना: पाठ करा, मग पुढे जा. तिसऱ्या दिवशी मुंगीनं त्यावर बटण ठेवलं.

"वाचलो," रोपवाला पुटपुटला. "मी बटण मागणारच होतो."

"मागायचं होतं मग."

"लाज वाटली. तुम्ही इतकं मन लावून पाठ करत होतात... मी कोष्टक सोडून तुमच्याकडेच —" तो थांबला. "म्हणजे, तुमच्या वहीकडे."

"वही टेबलावर होती. तुम्ही वर बघत होतात."

मुंगी खुदकन हसली. आईनं घाईघाईनं दुसरा संच उघडला.

त्यात फोनवर गाणारे उंदीर होते. प्रत्येक उत्तराला टाळ्या, तारे, चिकटवायची चित्रं. चुकलं तरी टाळ्या. मुंगीनं मुद्दाम तीन उत्तरं चुकवून पाहिली. उंदीर तसेच नाचले. मग बटण.

"मला तो जाडा उंदीर आवडला होता," रोपवाला हिरमुसून म्हणाला.

"वय काय तुमचं?"

"उंदरांसमोर विचारू नका ना..."

धडा पहिला, तिसऱ्यांदा

तिसरं पुस्तक पातळ. एक मुलगी, एक गच्ची, एक हरवलेली कोंबडी. खाली भाषांतर नाही, बाजूला अर्थ नाहीत. चित्र बघा, वाक्य मोठ्यानं वाचा, कळेपर्यंत दम धरा.

ते वाचू लागले. एक वाक्य आईचं, एक त्याचं, एक मुंगीचं. तो अडखळायचा आणि मुंगी त्याला दुरुस्त करायची, मोठ्यानं, हात कमरेवर ठेवून. चौथ्या दिवशी आईच्या लक्षात आलं की बटण टेबलावर नाही. मुंगीनंच ते शिवणाच्या डब्यात टाकलं होतं.

पान उलटायला दोन हात एकदमच गेले. तिचा सुई टोचून खरखरीत झालेला, त्याचा मातीचा. कोणीच घाई केली नाही.

"बाही वाळली का?" त्यानं हळूच विचारलं.

महिना होत आला होता.

"नाही अजून," ती म्हणाली.

परीक्षा

रविवारी दादा फॉर्म घेऊन वर आला. शाळेचं नाव छापलेलं, मुंगीचं नाव आधीच भरलेलं. तिघं टेबलाशी बसलेले पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मेलेली भाषा!" त्यानं पातळ पुस्तक दोन बोटांनी उचललं. "बोलणार कोणाशी ती?"

"शाळेत जिवंत भाषा होती दादा. तिथे कोणाशी बोलत होती?"

"पुढे उपयोग काय याचा?"

"चार महिन्यांनी तिनं तोंड उघडलं ते यासाठी. मला एवढा उपयोग पुरतो."

"आणि हे गृहस्थ? रोज संध्याकाळी? लोक विचारतात मला!"

रोपवाला उठू लागला. तिनं त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

"विद्यार्थी आहेत. आमच्यापेक्षा दोन पानं मागे." तिनं बाही सोडली नाही. "आणि मला आवडतात. लोकांना हेही सांग. पोरगी शाळेत जाणार नाही आणि माझं कोणी कुठे बघायचं नाही. या खोल्या हव्या असतील तर सांग, टेबल आमचं आहे, ते उचलून नेऊ."

रोपवाल्याची पेन्सिल खाली पडली. कोणीच ती उचलली नाही.

दादानं फॉर्म टेबलावर ठेवला आणि सुराला जरा मध लावून म्हणाला, "मुंगे, तू सांग. मामा वाईट सांगेल का?"

मुंगी उठली. शिवणाच्या डब्यात खडखड झाली. तिनं फॉर्मवर, नेमकं स्वतःच्या नावावर, लाल बटण ठेवलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पुरे, मामा," मुंगी म्हणाली.

दादानं फॉर्मकडे नेलेला हात मागे घेतला. पाच महिन्यांत भाचीनं त्याला मामा म्हटलं नव्हतं. मग त्यानं बटण हळूच बाजूला सरकवलं, फॉर्मची घडी केली, खिशात घातली. जाताना दारात थबकला.

"टेबल राहू दे इथेच," तो म्हणाला. "जिन्यातून निघायचं नाही ते."

धडा दुसरा

मुंगीनं पान उलटलं. कोंबडी अजून सापडायची होती.

आईनं बटण रोपवाल्यापुढे सरकवलं. "घरचा नियम आहे. आता तुमच्याकडे राहू दे. ज्या दिवशी पुरे वाटेल..."

त्यानं बटण उचललं, उलटसुलट करून पाहिलं. मग उठून खिडकीशी गेला, कुंडीतल्या नव्या मातीत बोट खुपसलं, बटण आत टाकलं आणि वरून माती दाबली. वर पेलाभर पाणीही घातलं.

"अहो, ते उगवायचं नाही!"

"म्हणून तर पेरलं," तो म्हणाला आणि परत आपल्या खुर्चीत येऊन बसला. "कोणाचं वाक्य?"

"तुझं," ती म्हणाली.