हात न लावायची रोपं

माझ्या धाकट्या लेकीशी तो पहिलं वाक्य बोलला ते हे — "बाई, तुमची सावली जरा बाजूला घेता का?"

अशी कोणी प्रेमाची सुरुवात करतं का? पण त्यानं केली. भर दुपार, आमच्या रोपवाटिकेची शेड तव्यासारखी तापलेली. धाकटीच्या हातात पाण्याचा पाइप, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, कपाळावर ओल्या बटा चिकटलेल्या. आणि हा बाबा काकडीच्या रोपांपुढं गुडघे टेकून बसलेला. डोळ्यांवर हा एवढा चष्मा, शेजारी एक पत्र्याचा डबा, आणि डब्यातून भसाभसा पांढरा धूर. मी लांबून बघितलं तर वाटलं, शेडला आगच लागली.

"सावली माझी आहे," धाकटी म्हणाली. "मी जिथं, ती तिथं."

"मग दोघीही बाजूला व्हा."

धाकटीनं पाइप असा फिरवला की त्याचे बूट भिजले. रोपांवर मात्र थेंब पडू दिला नाही. तो बुटांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे... आणि हसला. मेल्याचं हसू चांगलं होतं. खोटं कशाला बोलू?

शेडचा तो कोपरा त्याला मीच दिला होता. संशोधन करायचा. त्याच्या डब्यात धुमसायचं ते पाण्यासारखं दिसे, पण बर्फाला ऊबदार म्हणावं इतकं गार. म्हणून मी त्याचं नाव थंडोबा ठेवलं. तोंडावरच हाक मारायची. तो ओ द्यायचा.

"काकू, झाडाच्या पोटात या घडीला काय काय शिजतंय, ते सगळं एकदम बघायचं," तो मला सांगायचा. "साखर, आंबट, कडू, शेकडो बारीक बारीक पदार्थ. या अर्ध्या रोपांना पोटभर पाणी, त्या अर्ध्यांना घोटभर. तहानलेलं रोप काय कडू बनवतं, ते यंत्र दाखवतं. आमच्या प्रयोगशाळेत शेजारच्या खोलीत त्याच जातीच्या यंत्रात माणसांचं रक्त घालतात. दुखणं अंगावर यायच्या आधी त्याची चाहूल लागते का, ते बघतात."

"मग माझ्या पोटात काय शिजतंय ते सांगेल का तुझं यंत्र?"

"त्याला यंत्र कशाला, काकू? तुम्ही बोलताच की."

मला तो तिथंच आवडला. दाखवलं नाही. दाखवायची आमच्या घरात रीत नाही. मी चार बुकं शिकले, नवरा गेल्यावर ही रोपवाटिका उभी केली, पण कोणापुढं तोंड वेंगाडलं नाही. धाकटी माझ्यावरच गेली. लहानपणी तापानं फणफणली तरी पाणी मागायची नाही. पेल्याकडे नुसती बघत राहायची, कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंत. मला त्याचं कौतुक वाटायचं.

थंडोबाचा एकच कडक नियम होता. रोपांना हात लावायचा नाही. "नुसतं कुरवाळलं तरी रोपाला वाटतं किडा चढला. ते आतून तयारीला लागतं, आणि माझे आकडे बिघडतात." पान तोडायचं तेही असं, की पानाला कळायच्या आत ते त्या धुरात बुडालं पाहिजे. एकानं कात्रीनं कापायचं, दुसऱ्यानं चिमट्यात धरून तत्क्षणी बुडवायचं. दोन माणसांचं काम. आणि याच्याकडे माणूस एकच.

"मी धरते चिमटा," धाकटी म्हणाली.

मग रोज दुपारी दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. सावली रोपावर पडू नये म्हणून एकाच बाजूला, दाटीवाटीनं. मी टोमॅटोच्या ट्रेआड बसून माती चाळायची. कान माझे अजून शाबूत आहेत.

"तयार?... एक... दोन... तुमचा हात थरथरतोय."

"धुरानं."

"धूर गार आहे."

"म्हणूनच थरथरतोय. तुम्ही पानाकडे बघा."

"पानाकडेच तर बघतोय..."

"पान इकडं नाहीये."

मी माती चाळता चाळता हसायची. पुढं पुढं तर त्याला एक-दोनही म्हणावं लागेना. त्यानं श्वास रोखला की हिचा चिमटा पुढं यायचा. माझ्या संसारात इतकं जुळायला वर्षं गेली होती.

हंगाम सरत आला. तो डबा पुसत होता, ती शेजारी उभी.

"आता एकदाच पानं घेतली की संपलं. पुढं सगळं काम यंत्राचं."

"म्हणजे... इथलं काहीच उरणार नाही?"

"इथलं नाही."

"आणि आकडे जुळले नाहीत तर?"

"तर काय, पुन्हा पेरायचं, पुन्हा यायचं!" तो हसत म्हणाला. ती हसली नाही. त्या गाढवाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

शेवटची पानं घेऊन तो गेला. महिना उलटला आणि एका दुपारी आला तो डब्याशिवाय. हातात गुंडाळलेले कागद, चेहरा उतरलेला.

"पोटभर पाणी दिलेल्या रोपांना किडा लागल्याचं यंत्र म्हणतंय," तो धाकटीला म्हणाला. "किडा नव्हता. पानन्‌पान मी बघितलंय. कोणीतरी त्यांच्यावरून हात फिरवलाय. रोज."

धाकटीनं पाइप बंद केला.

"मी फिरवला."

"वाटलंच होतं मला... पण का?"

"पुन्हा पेरायचं, पुन्हा यायचं. तूच म्हणालास."

तो उलट्या क्रेटवर मटकन बसला.

"मी थट्टा केली होती गं. मला पुन्हा पेरायला आता कोण देतंय? आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी हा शेवटचा हंगाम दिला होता. आकडे जुळले असते तर मी इथंच नोकरीत कायम होणार होतो. इथंच. तुझ्या या शेडपासून हाकेच्या अंतरावर." त्यानं चष्मा काढला. "आता रक्त तपासायची एक नोकरी आहे. लांब, पार दुसऱ्या टोकाला. या आठवड्यात निघायचंय."

"बाईंना माझं सांगितलंस?"

"नाही. त्यांना म्हटलं, शेडची खिडकी मी उघडी ठेवली, रोपांना वारा लागला. तुझं नाव तिथं कोणाच्या तोंडी यायला नको होतं."

"अरे, मी..."

"आकडे जुळले की काकूंकडे यायचं ठरवलं होतं मी. तुला मागायला. तू नुसतं विचारायचंस की एकदा."

"आमच्या घरात विचारत नाहीत," धाकटी म्हणाली. आवाज इतका बारीक, की मला ट्रेआडून मान बाहेर काढावी लागली.

तो उठला. फाटकाशी पोचला, कडीवर हात ठेवला, आणि थांबला. वळून बघत राहिला. आंधळ्यालाही कळलं असतं, तो एका शब्दासाठी थांबलाय. थांब म्हण, नाहीतर मी येते म्हण, काहीतरी म्हण!

"बोल की, भवाने!" मी ओरडले.

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी पेल्याकडे बघायची, अगदी तशीच. त्याच्या लक्षात येईल म्हणून.

कडी वाजली. फाटक लागलं.

ती कुरवाळलेली रोपं बुटकी पण दणकट झाली होती. टाकवेनात, म्हणून मी ती मागच्या वाफ्यात लावली. वेल चढले, काकड्या धरल्या. पहिली काकडी धाकटीनं तिथंच उभ्यानं मोडली. मी अर्धी तोंडात घातली आणि थू करून टाकली. विषासारखी कडू.

"टाक ती. थुंक."

"राहू दे," ती म्हणाली. "हिच्या वेलाला मी हात लावलाय."

आणि चावून चावून तिनं ती सगळी संपवली. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई... पाणी दे ना."

जन्मात पहिल्यांदा तिनं काही मागितलं. मी धावत जाऊन पेला भरून आणला. माझ्याकडे दुसरं द्यायला होतंच काय?