बुधवारची सायकल

सायकल जड असणार, असं ती धरून चालली आणि तिथंच पहिली फजिती झाली.

बेकरीच्या दारात सायकल आडवी उभी होती. काळीशार, जाड टायरांची, पुढे-मागे सस्पेन्शन असलेली. आता भरदुपारी दार अडवून कुणी सायकल लावतं का? हिची जेवणाची सुट्टी संपत आलेली, पोटात कावळे ओरडत होते. घरच्या लोखंडी सायकलीला लागायचा तेवढा जोर लावून तिनं ती बाजूला उचलली... आणि बाई गं! सायकल थेट तिच्या छातीपर्यंत वर आली, मागचं चाक काउंटरवरच्या ट्रेवर आदळलं आणि ताजे बन चारी दिशांना पळाले.

भट्टीमागून एक तरुण धावत आला. कोपरापर्यंत पीठ, उजव्या मनगटाला पट्टा.

"लागलं का कुठं?"

"मला नाही. बनना विचारा."

तो हसला. त्याचे डोळे आधी हसायचे, तोंड मागाहून यायचं. तिनं ते लगेच टिपलं. दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवणारी मुलगी ती. माणसाचं हसू तिच्या नजरेतून सुटणार कसं?

"कार्बनची आहे," तो बन गोळा करत म्हणाला. "लोखंडाच्या अंदाजानं हात लावला की सगळे असेच फसतात."

"मग तशी पाटी लावा!"

"पाटी आहे की... तुम्ही वाचली कुठं?"

पाटी होती. 'विकणे आहे' एवढंच लिहिलेली. टेकडीच्या खडकाळ वाटांवर तो ही सायकल हाणायचा, शर्यतीही मारायचा. पण मनगट गेलं कामातून. डॉक्टर म्हणाले, एक तर पीठ मळा, नाहीतर सायकल चालवा. बेकरी वडिलांची, त्यांचं वय झालेलं. मग काय, सायकलच निघाली दारात.

तिलाही तर अशीच हवी होती. आपल्या खटाऱ्यावरून टेकडी चढून आली की तिची हाडं खिळखिळी व्हायची.

"चालवून बघू?"

"बघा ना. पण आधी वजन सांगा."

"काय?"

"वजन... तुमचं."

"अहो, असं तोंडावर विचारतात का कुणाला?"

"मी कुठं विचारतोय? मागचा शॉकअब्सॉर्बर विचारतोय. जितकं वजन, तितकी हवा. हवा कमी तर सायकल बसकण मारते, जास्त तर लाथा झाडते."

तिनं त्याच्या कानाशी वाकून हळूच आकडा सांगितला, दोन किलो चोरून. त्यानं छोट्या पंपानं हवा भरली, तिला सीटवर बसवलं, हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि शॉकवरची रबरी रिंग किती सरकली ते खाली वाकून पाहिलं.

"शॉक म्हणतोय, तुम्ही खोटं बोललात," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

ती अशी लाजली की विचारता सोय नाही.

संध्याकाळी कामावरून सुटून ती सायकल घेऊन टेकडीवर गेली, तेव्हा मात्र तिला लाजायला वेळच मिळाला नाही. जिथं रोज उतरून ढकलावं लागायचं, त्या चढावर सायकल आपणहून निघाली. मुळं आली, दगड आले. मागचं चाक दबायचं, जमीन धरायचं आणि वर यायचं. हातात नुसती हलकीशी थरथर. भुरभुर पाऊस, ओल्या गवताचा वास, आणि ती एकटीच वेड्यासारखी हसत होती. परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि गाल लालबुंद.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

'घेतली!' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण घेतली की संपलं. मग पुन्हा इथं यायचं ते कशासाठी?

"तशी बरी आहे..." ती म्हणाली. "पण सीट जरा टोचते."

"एवढंच ना? बुधवारी या. बेकरी बंद असते. दुसरी बसवून ठेवतो."

ही युक्ती ती आपल्या कामावरच शिकली होती. दवाखान्यात एक आजोबा सारखे यायचे. कवळी टोचते म्हणायचे. ती कवळी हातात घ्यायची, खोटंखोटं घासायची आणि परत द्यायची. आजोबा तासभर गप्पा मारून खूश होऊन जायचे. टोचत काही नसायचं, घरी बोलायला कुणी नसायचं.

मग सुरू झाले बुधवार. सीट झाली, ब्रेक लांब पडतात झालं, पेडल निसरडं झालं. तो बिचारा प्रत्येक गोष्ट मनावर घ्यायचा. ती टेकडीवर एक फेरी मारून यायची, तोवर त्यानं चहा ठेवलेला असायचा. पिठाच्या पोत्यांवर बसून दोघं बोलत राहायची, सायकल सोडून बाकी सगळ्यावर.

"अगं, सायकल घेतेयस की स्थळ बघतेयस?" घरी वहिनी चिडवायची.

"वहिनी, गप गं."

"मी गप्प बसेन. पण तू कधी बोलणार आहेस?"

एका बुधवारी तिनं हँडलवर खुसपट काढलं. फार रुंद आहे, खांदे भरून येतात. तो जरा वेळ हँडलकडे बघत राहिला. मग त्यानं ब्रेक सैल केले, मुठी काढल्या, दोन्ही टोकांना बोटभर आत खूण केली आणि बारीक पात्याची करवत काढली.

"अहो, थांबा! कापल्यावर पुन्हा जोडता येईल का?"

"नाही."

"मग दुसऱ्या कुणी घेतली तर?"

"दुसरं कोण घेणार आहे?" तो वर न बघताच म्हणाला.

काळी भुकटी ओल्या फडक्यावर पडत राहिली. सगळं बसवून झाल्यावर त्यानं हात पुसले आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आता... आता काही राहिलं का?"

त्या प्रश्नात काय होतं, ते तिला कळलं होतं. कळलं नव्हतं असं कोण म्हणेल? पण सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मागचा शॉक जरा कडक वाटतो."

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

घरी आल्यावर तिनं स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. पण लगेच कोणत्या तोंडानं जायचं? पुढच्या बुधवारी ती गेलीच नाही. येऊ दे की त्याला शोधत, विचारू दे काय झालं म्हणून! तो आला नाही. त्याच्या पुढच्याही बुधवारी नाही. मग शुक्रवारी त्याचा मेसेज आला: 'एकजण सायकल मागतेय. पण तुम्हाला हवी असेल तर देत नाही. काय करू?'

एवढी सरळ वाट समोर होती. पण रुसलेल्या माणसाला सरळ वाट दिसते का? मागतेय म्हणजे कोण मागतेय? आणि मला काय विचारायचं त्यात? तिनं नाक फुगवून लिहिलं, 'खुशाल विका.'

पाठवलं, आणि मग उत्तराची वाट बघत बसली. तो म्हणेल, असं कसं विकू? तो काहीच म्हणाला नाही. तिनं खुशाल म्हटलं, त्यानं विकली. साध्या माणसाचं हे असंच असतं. त्याला शब्दांचा सरळ अर्थच कळतो.

हिवाळा सरत आला तेव्हा दवाखान्यात एक म्हातारे गृहस्थ आले. सगळे दात काढून झाले होते, कवळी बसवायची होती. डॉक्टरबाईंनी माप घेतलं, कवळी तिनं बनवली, आणि बसवून बघायला तिलाच बाहेर बोलावलं.

"तू सायकलवाली ना?" म्हातारबुवा नव्या दातांतून फुसफुसत म्हणाले. "बुधवारी यायचीस ती. मी वरच्या खिडकीत असायचो."

तिनं हातातला आरसा खाली ठेवला. बेकरीचे काका, त्याचे वडील!

"पोरगा बुधवारी उठल्यापासून दाढी करून बसायचा. सुट्टीच्या दिवशी! मी म्हटलं, अरे, विचारून टाक. म्हणाला, बाबा, तिला सायकल आवडत नाही, मी काय आवडणार?" काका हसले, मग तिच्याकडे बघून थांबले. "जाऊ दे. त्याचं लग्न ठरलंय आता. मुलगी गुणी आहे. सायकल तिनंच घेतली, पहिल्याच फेरीत."

"जरा चावून बघा, काका," ती म्हणाली.

तो बाहेरच्या बाकावर होता. तिला बघून उठून उभा राहिला. डोळे हसले, तोंडही आलं, पण घाईनं.

"बरे आहात?"

"बरी आहे. अभिनंदन."

"बाबा बोलले वाटतं..." तो मनगटावरचा पट्टा उगाच ओढत राहिला. "एक विचारू? ती सायकल तुम्हाला कधीच आवडली नव्हती का?"

आता खोटं बोलून काय मिळणार होतं? आणि खरं बोलून तरी काय?

"पहिल्याच दिवशी आवडली होती."

"मग घेतली का नाहीत?"

"घेतली असती तर पुढच्या बुधवारी कशाला आले असते?"

आतून काकांच्या खाकरण्याचा आवाज आला, डॉक्टरबाई काहीतरी म्हणाल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. "दोनदा."

"हो," ती म्हणाली. "विचारलं होतंत."

चूक त्याची असती तर किती बरं झालं असतं! भांडता आलं असतं, रडता आलं असतं. पण त्यानं विचारलं होतं, हात पुसून, डोळ्यांत बघून.

काका बाहेर आले. त्यांना आधार देत तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "कवळी दाखवायला पुन्हा आणायचं ना यांना?"

"पुढच्या आठवड्यात. बुधवारी."

"मी..." तो अडखळला. "मी घेऊन येऊ? की तिला पाठवू?"

बाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता, रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. आणि तो तिथं दारात उभा होता, तिच्या एका शब्दासाठी. तो नुसतं कवळीचं विचारत नव्हता, हे या वेळीही तिला कळलं. 'तुम्ही या' एवढंच म्हटलं असतं, तर तो आला असता. दाढी करून आला असता. आणि कुठेतरी ती दुसरी मुलगी, जिनं एकही खोट न काढता पहिल्याच फेरीत सायकल घेतली होती, त्याची वाट बघत बसली असती.

"तिला पाठवा," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि तो काकांना धरून पायऱ्या उतरला. ती मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि मग एवढे महिने अडवून धरलेलं सगळं रडू तिला एकदम आलं.