घरात माणसं किती

काराकोलच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. अटी वाचल्याशिवाय मी साधी किटलीही विकत घेत नाही. तेव्हा पुढचं सांगणं घाबरट बाईचं आहे, असं कुणी समजू नये.

मार्चच्या सुरुवातीला माझी धाकटी बहीण जिपार एका पिशवीनिशी दारात उभी राहिली. बिश्केकहून मिनीबसनं आली होती, गालावरचा वळ रुमालानं झाकून. मी काही विचारलं नाही. तिचा नवरा उलान मला माहीत होता. फोनवरून तो तिचा माग काढायचा, म्हणून फोन तिनं वाटेतच बालिकचीच्या थांब्यावर टाकून दिला होता.

राहिला माझा फोन आणि संगणक. त्यांवर मी ‘कारोल’ नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. कारोल म्हणजे पहारेकरी. चोरी, हेरगिरी, सगळं अडवतं म्हणे. अडतीस पानांच्या अटी मी चष्मा लावून वाचत बसले. चहात दूध ओतता ओतता जिपार आल्यापासून पहिल्यांदा हसली.

“एझे, एवढं तर कुणी निकाहाच्या वेळीही वाचत नाही.”

“म्हणूनच तुझ्या थोरल्या बहिणीनं निकाह केला नाही,” मी म्हटलं.

दर सोमवारी सकाळी कारोलचा अहवाल यायचा. पहिला साधाच होता. अडवलेले धोके : अकरा. दुसऱ्यात एक ओळ वाढली. घरातील व्यक्ती : दोन. जिपारबद्दल मी कुठेही एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण फोनला कान असतात, हे मला कळतं. मी माइक बंद केला, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली.

तिसऱ्या सोमवारी लिहिलं होतं, ‘दुसरी व्यक्ती न्हाणीघरात नळ सोडून रडते. मंगळवार, गुरुवार.’

न्हाणीघरात फोन कधीच गेला नव्हता.

“खरं आहे का गं?” मी विचारलं. जिपार बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

त्याच दिवशी मी कारोल काढून टाकलं. फोन पार कोरा केला, संगणक शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात कुलूप लावून ठेवला. पुढच्या सोमवारी जिन्याखालच्या लोखंडी टपालपेटीत चतकोर कागद मिळाला. ना तिकीट, ना शिक्का. धोके : सात. घरातील व्यक्ती : दोन. संरक्षण चालू आहे.

पेटीचं दार मोडकं होतं. कुणीही हात घालून तो कागद वाचू शकलं असतं, आणि उलानची मावशी पलीकडच्याच गल्लीत राहते. मग दर सोमवारी उजाडताच मी जिना उतरून जाऊ लागले. जिपारनं खिडकीपाशी उभं राहणं सोडलं. घरात बोलणंही आम्ही थांबवलं. जे काही असेल ते वहीत लिहायचं आणि पान गॅसवर जाळायचं.

‘स्वयंपाकघरात धूर : चार वेळा,’ पुढच्या कागदावर आलं. ‘काळजी घ्यावी.’

जिपारनं लिहिलं, “शुक्रवारी मामाकडे डोंगरात जाऊ.” मी नुसती मान हलवली आणि पान जाळलं. सोमवारी कागदावर होतं, ‘शुक्रवारच्या प्रवासावर लक्ष ठेवले जाईल.’

आम्ही गेलो नाही. मामाचं घर तरी त्या कागदावर यायला नको होतं.

कागदाच्या तळाशी एक नंबर असायचा. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतल्या फोनवरून मी तो फिरवला. बाईचा आवाज आला, मऊ, अगदी घरगुती.

“बोला, झूरा एझे.”

मी नाव सांगितलं नव्हतं.

“तुमचं ते मी काढून टाकलंय,” मी म्हटलं.

“हो, तुमच्याकडचा भाग काढलात.”

“उरलेला कुठे आहे?”

“तो सुरक्षित आहे. त्याची काळजी करू नका.”

“आमच्याबद्दल जे काही जमवलंय ते सगळं पुसा. आत्ता.”

“पुसू ना. फक्त घरातल्या सगळ्यांनी संमती मागे घ्यायला हवी. एकाची जरी राहिली तरी हात लावता येत नाही.”

“मी घेतली. बहिणीनंही घेतली, असं समजा.”

“तुम्हा दोघींचं झालं. तिसऱ्यांचं काय?”

“आम्ही दोघीच आहोत.”

पलीकडे कागद चाळल्यासारखा आवाज झाला.

“नाही, एझे. तिसऱ्यांनी परवाच संमती दिलीय, अंगठा उठवून.”

घरी येऊन मी जिपारला वहीत न लिहिता सरळ विचारलं. ती पलंगाच्या कडेला बसली. बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले.

“मी अजून मलासुद्धा सांगितलं नव्हतं गं,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, दहावा आठवडा.

उलान कधीच आला नाही. का आला नाही, ते मी कुणाला विचारलं नाही. कागद मात्र चुकला नाही. धोके कमी होत होत शून्यावर आले. त्याखाली, घरातील व्यक्ती : तीन. जिपार सगळा उन्हाळा पडदे ओढून आत बसली. खिडकीबाहेरच्या झाडावरचे जर्दाळू पिकले, संपले. तिनं झाड पाहिलं नाही.

नोव्हेंबरात दवाखान्यात मुलगी झाली. दुपारची वेळ होती, बाहेर बर्फ भुरभुरत होता. सुईणीनं बाळाला दिव्याखाली ठेवलं, पाठ पुसली, पाय पुसले. मग एकाच हातावर थांबली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. जन्मखूण असेल.”

मी जवळ गेले. डाव्या अंगठ्याच्या पोटावर, तेवढ्याच जागेवर, जांभळा डाग होता.

तिनं कापूस भिजवून पुसला. दुसरा घेतला. तिसरा घेतला.

दर वेळी कापूस जांभळा होत होता. डाग होता तसाच होता.