न पाहिलेला पडदा

वर्कशॉपची वीज गेली तशी पोरांनी आबांना घेरलं. आबा तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ.

"आबा, सांगा की काहीतरी."

"सांगतो. पण मध्ये हसायचं नाही. माझ्या कामातल्या जोडीदाराची, मास्तरची गोष्ट आहे. तू ज्या टेबलाखाली पाय सोडून बसलायस ना, तिथंच बसायचा तो."

पोरानं पाय वर घेतले.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. दुकान बंद व्हायच्या आत मास्तर पडदा जोडायची एक चपटी रिबन केबल घेऊन घरी आला. दुसऱ्याच्या कामातल्या चुकीवर बोट ठेवल्याशिवाय त्याला राहवत नसे, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. घरात आता एकटाच. वडील जाऊन महिना झाला होता.

घशाच्या ऑपरेशनात वडिलांचा आवाज गेला होता. मास्तरनं त्यांच्या पलंगापाशी कीबोर्ड दिला आणि वरच्या मजल्यावर, आपल्या उशाशी, एका छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला पडदा जोडला. वडील खाली टाइप करायचे, वर अक्षरं उमटायची. म्हातारा मिस्कील. "चहात साखर विसरलास, की माझ्यावर रागावलायस?" असं काहीबाही लिहायचा. पण रात्री थेट काम सांगायचा नाही. आधी विचारायचा, "जागा आहेस?" मास्तरनं बटण दाबलं की खाली हिरवा दिवा लागायचा. मगच पुढचं. दिवा नाही लागला तर दुसऱ्यांदा विचारणं नाही. झोपू दे पोराला.

बोर्ड सुरू व्हायला फार रेंगाळायचा. म्हणून एका संध्याकाळी मास्तरनं त्याच्यासाठी लिनक्सचा नवा कर्नेल, म्हणजे बोर्ड चालवणारा मूळ प्रोग्राम, बांधला; जोडलेली उपकरणं चालवणारे नको ते ड्रायव्हर काढून टाकले. लॅपटॉप जोडून पाहिलं. त्यावर झरझर ओळी आल्या, बोर्ड चुटकीसरशी सुरू. "झकास," म्हणाला आणि आडवा झाला. पडद्याकडे त्यानं पाहिलंच नाही. काढलेल्या ड्रायव्हरांत पडद्याचाही होता.

दुसऱ्या सकाळी वडील गार पडलेले. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले. बहीण म्हणाली, "दादा, तेवढं बरं झालं बघ. हाक मारायचीसुद्धा वेळ आली नाही त्यांच्यावर."

मास्तर मान हलवत राहिला. कीबोर्ड वडिलांच्या मांडीवर होता.

त्या शनिवारी तो पडदा दुरुस्त करायला बसला. आता कुणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ड्रायव्हर परत घातला, कर्नेल पुन्हा बांधला. पडदा काळा. नवी केबल लावली. काळाच. लॅपटॉपवर तीच ती ओळ येत राहिली, पडदा सापडला नाही. शेवटी त्यानं वीज काढली, नवी केबलही उपसली आणि दिवा मालवला.

खाली टक झालं.

मग टक… टक…

कीबोर्ड त्यानं स्वतः कपाटात ठेवला होता.

पडदा उजळला.

"जागा आहेस?"

त्याचा हात बटणापाशी गेला… थांबला. दाबलं, तर पुढचं वाचावं लागणार.

दाबलं.

"खिडकी लाव रे. गार लागतंय."

बस्स. एवढंच हवं होतं त्यांना.

तो अनवाणी खाली गेला. खिडकी सताड उघडी. बहिणीनं जाताना त्याच्यासमोर लावली होती. त्यानं कडी घातली. पलंगाकडे न बघता म्हणाला, "लावली, बाबा."

…

आबांनी गोष्ट तिथंच सोडली.

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी पडदा माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, फेकून दे, माझ्याच्यानं होत नाही. मी उघडून पाहिला. आतून करपलेला. वीज देऊनही लागला नसता."

"फेकलात?"

आबांनी खण उघडला. एकाला मोबाइलचा उजेड काचेवर तिरका धरायला लावलं.

काळ्या काचेच्या आत फिकट अक्षरं होती. जागा आहेस? त्याखाली, जागा आहेस? त्याखालीही तेच. पार खालच्या कडेपर्यंत.

"हे मास्तरनं पाहिलंय?"

आबांनी खण लावून घेतला.