अर्ध्या चाकाएवढं पाणी

"आप्पा, खरंच सांगतो, पाणी अर्ध्या चाकापर्यंतच होतं!"

तेजस हे पाचव्यांदा सांगत होता. त्याच्या चड्डीतून पाणी ठिबकत होतं, केस कपाळाला चिकटले होते आणि आवाज रडवेला झाला होता. पण दहा वर्षांच्या पोराचं ऐकायला नामदेवरावांना म्हणजे आप्पांना सवड नव्हती. ते पायरीवर उभे राहून अंबाजींवर बरसत होते.

अंबाजी आप्पांचे ड्रायव्हर. एकवीस वर्षं त्यांनी आप्पांची गाडी चालवली होती. तेजसला आणि त्याच्या तेरा वर्षांच्या ताईला, त्रिवेणीला, दसऱ्याच्या सुट्टीसाठी निजामाबादहून बरकतपुऱ्याला, आजोळी आल्यावर पहिलं तोंड दिसायचं ते स्टेशनवर उभ्या असलेल्या अंबाजीकाकांचंच. आज ते तेजसला घेऊन पूजेचं सामान आणायला नारायणगुड्याला गेले होते. येताना पावसाने गाठलं, एका गल्लीत पाणी साचलं होतं, त्यातून जाताना गाडी दोन आचके देऊन बंद पडली. अंबाजींनी तेजसला खांद्यावर घेतलं आणि पाऊण तास पावसात चालत घरी आणलं.

"इंजिनात पाणी गेलंय! वर्कशॉपवाल्याने फोनवर स्पष्ट सांगितलं, गाडी खोल पाण्यात घातल्याशिवाय असं होत नाही!" आप्पा गरजले. "आणि पोरगं होतं ना गाडीत? पोराला घेऊन शिरलात पाण्यात?"

"साहेब, पाणी एवढंच होतं," अंबाजींनी वाकून गुडघ्याखाली हात लावला. "मी पुढची रिक्षा जाताना बघितली, मगच घातली."

"एवढंच होतं, तर ह्याला खांद्यावर कशाला घ्यावं लागलं?"

"गटाराचं झाकण उघडं असलं तर? म्हणून, साहेब."

काय चुकीचं बोलले ते? पण माणसाने एकदा रागवायचं ठरवलं की खरं उत्तरही त्याला उद्धटपणा वाटतो. आप्पांनी हात पुढे केला.

"किल्ली द्या. उद्यापासून येऊ नका."

अंबाजींनी खिशातून किल्ली काढली, शर्टाला पुसली, आप्पांच्या हातावर ठेवली. एकदा तेजसकडे बघितलं. मग भर पावसात निघून गेले. कोणी त्यांना साधी छत्रीही दिली नाही. दारात उभा असलेला रितेशदादा, मामाचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला आणि घरात सगळ्यांचा लाडका, तोसुद्धा काही बोलला नाही. आप्पांच्या हातून किल्ली मात्र त्याने लगेच घेतली.

"मी ठेवतो सांभाळून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. दसऱ्यामुळे वर्कशॉप बंद, त्यामुळे टोइंगवाल्याने गाडी अंगणातच आणून सोडली होती. आप्पांच्या घरात या दिवशी वजनकाट्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची, आणि गाडीची पूजा अंबाजी करायचे. त्यांची एक पद्धत होती. ते बोनेट उघडायचे आणि आत, थेट इंजिनाला कुंकू लावायचे. "बाहेरून काय, कोणी बी हार घालतो. मेहनत करतो तो आतला," असं म्हणायचे.

या वर्षी भामाआजीने रितेशला पूजेला उभं केलं.

"सामान गाडीतच राहिलंय कालचं, ते आधी काढ," आजी म्हणाली.

रितेशने मागच्या सीटखालून कागदी पिशवी काढून दिली. मग बंद बोनेटवर झेंडूचा हार टाकला, कुंकवाचं बोट ओढलं आणि म्हणाला, "झालं!"

"अरे, बोनेट?" तेजस म्हणाला.

"नको! मेलेल्या इंजिनाची कसली पूजा!" रितेशने किल्ली पुन्हा खिशात टाकली.

त्रिवेणीने पिशवीतली काडेपेटी काढून आजीला दिली. आजीने काडी ओढली. फर्रकन पेटली! आजीने कापूर लावला, आरती सुरू झाली, आणि त्रिवेणी मात्र त्या काडेपेटीकडे बघतच राहिली.

आरती संपताच तिने तेजसला आणि श्रुतीला जिन्याखाली ओढलं. श्रुती वरच्या मजल्यावर राहायची. तिचे आईबाबा पुण्याहून इथे नोकरीला आलेले.

"ही पिशवी काल कुठे होती?" त्रिवेणीने विचारलं.

"गाडीत खाली, माझ्या पायापाशी," तेजस म्हणाला.

"आणि काडी पहिल्या झटक्यात पेटली! पिशवीचा तळ बघ. कागद आहे आणि कोरडा ठणठणीत!"

श्रुतीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे गाडीच्या आत थेंबभरही पाणी आलं नाही! मग पाणी दाराच्या खालीच होतं!"

"मी काल काय बोंबलत होतो?" तेजस चिडला. "अर्धं चाक! अर्धं चाक! कोणी ऐकेल तर शपथ!"

"पण इंजिन तर चाकापेक्षा वर असतं. त्यात पाणी गेलं कसं?" श्रुतीने विचारलं.

किल्ली रितेशच्या खिशात, त्यामुळे बोनेट उघडणार कसं? तेजसने सरळ जमिनीवर पाठ टेकली आणि गाडीच्या पुढच्या बंपरखाली डोकं घातलं.

"अरेच्चा! इथे काहीतरी लाल आहे! उलट्या कुंडीसारखं! ओलं पण आहे!"

श्रुतीने मोबाइल आत सरकवून फोटो काढला. एका चकचकीत पाइपाच्या टोकाला लाल जाळीदार शंकू. गाडी आठ वर्षांची, आणि हा मात्र नवाकोरा!

मागच्या गल्लीत यादगिरी मेकॅनिकचं छोटं दुकान होतं. तोही आपल्या पान्यांना कुंकू लावून बसला होता. त्याने फोटो बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे भई! ये कौन लगाया? आप्पा को रेस लगाना है क्या?"

"हे काय असतं, अंकल?" त्रिवेणीने विचारलं.

"इंजन का नाक है बेटा. इंजन बी सांस लेता ना, हवा खींचता. कंपनी का काला डब्बा रहता, उसका नाक एकदम उप्पर. ये शौक वाले छोकरे डब्बा निकाल को ये लगाते. आवाज मस्त आता, घुर्र घुर्र! पन नाक आ जाता निच्चे, बंपर के पिच्छे."

"आणि खाली पाणी असलं तर?" तेजसने श्वास रोखून विचारलं.

"तो पानीच खींचता! हवा दबती, पानी नै दबता. अंदर का लोहा मुड जाता. खेल खलास!"

"मग ड्रायव्हरची चूक नाही?"

"ड्रायवर क्या करता जी? उनो पानी का अंदाजा लिये, पुरानी नाक के हिसाब से."

तिघं रस्त्यात येऊन उभी राहिली. श्रुतीला एकदम आठवलं. "रितेशदादाने मागच्या आठवड्यात स्टेटस ठेवलं होतं! गाडीचा नुसता आवाज! घुर्रर्र!"

त्रिवेणीला मात्र वेगळंच आठवलं होतं. सुट्टीच्या पहिल्या दिवशी, काचीगुडा स्टेशनवरून येताना अंबाजीकाका म्हणाले होते, "साहेब, गाडीचा आवाज बदललाय. एकदा दाखवून आणू का?" आणि आप्पा म्हणाले होते, "तुम्ही गाडी चालवा. आवाज ऐकायला मी आहे." मागच्या सीटवर ती फिसकन हसली होती. अंबाजीकाकांनी आरशातून तिच्याकडे बघितलं होतं आणि मग घर येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नव्हते. त्या हसण्याची तिला आता भयंकर लाज वाटली.

"आत्ताच आप्पांना सांगू!" तेजस म्हणाला.

"काही उपयोग नाही," त्रिवेणी म्हणाली. "रितेशदादा म्हणेल, हेसुद्धा अंबाजींनीच बसवलं. आणि त्याचं ऐकतील सगळे. त्याला स्वतःलाच दाखवायला लावू या."

दुपारी श्रुतीही जेवायला थांबली होती. पानात पुऱ्या पडत असताना त्रिवेणीने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "आजी, इंजिनाला कुंकू लावायचं राहिलं ना गं? अंबाजीकाका एकही वर्ष चुकले नव्हते. मोडलेल्या यंत्राची पूजा चुकवली तर चालते का?"

"अगं बाई, खरंच!" आजीने हातातला झारा खाली ठेवला. "चार वाजता करू. अहो, तुमच्या हातानेच बोनेट उघडून होऊ द्या."

"करू," आप्पा म्हणाले.

रितेशच्या हातातली पुरी तोंडाकडे जाता जाता थांबली. तेजसने टेबलाखाली श्रुतीला असा चिमटा काढला की ती कळवळलीच!

जेवण झालं, पंखे फिरू लागले, आप्पा घोरू लागले. तिघं जिन्याखाली दबा धरून बसली. अडीच वाजता दार हळूच उघडलं. रितेश बाहेर आला. बगलेत कॉलेजच्या स्वेटशर्टमध्ये गुंडाळलेलं काहीतरी बोजड होतं. त्याने बोनेट उघडलं आणि खिशातून पाना काढला.

"पळ!" त्रिवेणी कुजबुजली.

तेजस मागच्या दाराने आत धावला. "आप्पा! उठा! कोणीतरी आपली गाडी उघडतंय!"

आप्पा काठी घेऊन धावतच अंगणात आले. पाहतात तर काय! रितेशच्या एका हातात तो लाल जाळीदार शंकू, म्हणजे हवेचा फिल्टर, त्यातून अजून पाणी निथळतंय, आणि पायाशी कंपनीचा काळा डबा!

"हे काय आहे?" आप्पांनी विचारलं.

रितेशने फिल्टर खाली ठेवला. मग त्रिवेणीनेच सगळं सांगितलं. काडेपेटी, कोरडी पिशवी, यादगिरी, नाक वर आणि नाक खाली.

"मला काय माहीत पाणी जाईल म्हणून!" रितेश शेवटी ओरडला. "सगळे लावतात! आवाज भारी येतो!"

"ते माहीत नव्हतं. पण काल माहीत झालं होतं ना?" त्रिवेणी म्हणाली. "अंबाजीकाका पावसात उभे होते तेव्हा? तेव्हा का नाही बोललास?"

"आप्पांनी गाडीच बंद केली असती माझी!"

म्हणजे एवढ्यासाठी! एका माणसाची एकवीस वर्षं गेली ती एवढ्यासाठी. तेजसला वाटलं, आता आप्पा काठी उगारतील. आप्पांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"आप्पा, अंबाजीकाकांनी तुम्हाला सांगितलं होतं. स्टेशनवरून येताना. आवाज बदललाय म्हणून," त्रिवेणी हळूच म्हणाली. "मी मागे होते."

आप्पा बराच वेळ लाल फिल्टरकडे बघत राहिले. त्यांना आठवलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"अंबाजीने जरा नीट सांगायला हवं होतं," ते म्हणाले आणि आत गेले.

दसऱ्याच्या संध्याकाळी घर माणसांनी भरून गेलं. जो येईल तो जम्मीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून आप्पांच्या हातात ठेवी, पाया पडे, आणि आप्पा तिन्ही मुलांना पुढे ओढून त्यांची कथा सांगत. "काडेपेटीवरून ओळखलं पोरांनी! काडेपेटीवरून!" लोक म्हणत, "वा! शाबास! पोलिसात घालायला हवीत!" तिघांना पेढे मिळाले, पेनं मिळाली. रितेशला काल तासभर बोलणी बसली होती. आज तो नवा शर्ट घालून पाहुण्यांना पाणी देत होता, आणि पाहुणे त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, "वय आहे रे, चालायचंच."

अंबाजींचं नाव त्या कथेत एकदाही येत नव्हतं. "ड्रायव्हर" येत होता.

"आप्पा, अंबाजीकाका?" तेजसने विचारलं.

आप्पांनी ताटात बाजूला ठेवलेली पानांची एक जुडी दाखवली. "येईल की सोनं द्यायला. दरवर्षी येतो. आला की सांगतो, उद्यापासून ये म्हणून. मी काही मनात ठेवलेलं नाही."

"तुम्ही मनात ठेवलेलं नाही?" श्रुती नकळत बोलून गेली. आप्पांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडलं.

सात वाजले. अंबाजी आले नाहीत.

"आप्पा, आपणच जाऊ या," त्रिवेणी म्हणाली.

"असं नसतं बाळ. दसऱ्याला लहानांनी मोठ्यांकडे यायचं असतं."

"पण अंबाजीकाका तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत."

बैठकीतल्या लोकांनी वळून बघितलं. आजीने पदर सावरला. आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

शेवटी आजीनेच मुलांच्या हातात फराळाचा डबा दिला. "जा तुम्ही."

विद्यानगरच्या एका चाळीवजा घरात अंबाजी दारातच बसले होते. पोरांना बघताच उठले. तिघांनी पानं दिली, वाकून नमस्कार केला.

"काका, कळलं सगळ्यांना! नाक खाली होतं!" तेजसने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"तू सांगितलंस ना, पाणी अर्धं चाक होतं म्हणून?"

"शंभरदा सांगितलं!"

"बस. मला तेवढंच हवं होतं, बेटा." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"काका, मी त्या दिवशी गाडीत हसले होते," त्रिवेणीने मान खाली घालून सांगितलं. "माझं चुकलं."

अंबाजी म्हणाले, "मला वाटलं, बाकी कोणी नसेल, पण तू तरी साहेबांना म्हणशील, दाखवून आणा म्हणून. असू दे. तू आलीस ना."

"उद्यापासून या ना. आप्पा वाट बघताहेत."

"उद्यापासून एका शाळेची व्हॅन आहे. पोरं आहेत बारा. बरं वाटेल." ते आत गेले आणि पानांच्या चार जुड्या घेऊन आले. तिघांना एकेक दिली. चौथी डब्यावर ठेवली. "ही बाईंना, तुमच्या आजीला द्या."

त्यांनी पाचवी आणली नाही.

घरी आल्यावर आप्पा खुर्चीत पुढे झुकले. "काय म्हणाला? माझ्यासाठी काही दिलं?"

त्रिवेणीने मान हलवली. नाही.

"किती लांब आहे त्याचं घर?"

"पंधरा मिनिटं," तेजस म्हणाला. "मी येतो सोबत! चला!"

आप्पांनी पायाने चपला जवळ ओढल्या. तेजस दारापर्यंत धावलासुद्धा! तेवढ्यात फाटकापाशी नवे पाहुणे आले, सोनं घ्या सोनं घ्या म्हणत. आप्पा मागे टेकून बसले, हात पुढे केला आणि हसून म्हणाले, "या, या! आमच्या पोरांनी काय केलं, ऐकलंत का? शाबास म्हणा त्यांना!"

पाहुण्यांनी शाबास म्हटलं. सकाळी केर काढताना आजीला ताटात अंबाजींसाठी ठेवलेली ती एक जुडी तशीच सापडली, सुकलेली.