दमलेल्याने काढायची नाही अशी गाडी

“दमली असशील त्या दिवशी ही गाडी काढू नकोस.”

कुसुमकाकूंनी किल्ली हातावर ठेवताना एवढंच सांगितलं होतं.

ऋता हसली. घरात आठ महिन्यांचं मूल. त्याला दात येत होते. ती म्हणाली, “काकू, मग तो दहावी झाल्यावरच काढते!”

काकू हसल्या नाहीत.

पुढे जे घडलं ते खरं आहे. ऋता माझी मामेबहीण. तिला खोटं बोलता येत नाही, लहानपणी तिच्यामुळे आम्ही सगळी पकडली जायचो. मीही मीठमसाला लावणार नाही. माझंही लेकरू मांडीवर आहे, आणि हे मी करमणुकीसाठी लिहीत नाहीये. कशासाठी, ते शेवटी सांगते.

गाव कोलकाता. दिवस यंदाच्या संक्रांतीनंतरचा रविवार. वेळ उजाडतानाची. धुकं इतकं, की समोरचा माणूस अंगावर येईपर्यंत दिसू नये.

पण त्याआधीचं सांगायला हवं.

ऋताचा नवरा उन्मेष कस्टम्समध्ये. खिदिरपूरला क्वार्टर. बंदरात जहाज लागलं की त्याला घर आठवत नाही. सासूबाई नाशकात, आई सोलापुरात. आणि केयूर... तो झोपायचाच नाही. पायावर घेऊन झालं, झोळीत घालून झालं, दृष्ट काढून झाली. ऋता बसल्या बसल्या पेंगायची आणि दचकून उठायची.

तो झोपला पहिल्यांदा कुसुमकाकूंच्या गाडीत.

काकू बागबाजारला राहायच्या. एकट्या. हेमंतकाका बंदरात नोकरीला होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मागे राहिली त्यांची सायीच्या रंगाची जुनी अँबॅसिडर. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. मराठी मंडळाच्या गणपतीहून काकूंनी ऋताला घरी सोडलं, आणि पुलावर चढेपर्यंत केयूर गाढ झोपला होता.

“इथल्या आया पोरांना मराठ्यांचं भय घालून निजवतात,” काकू म्हणाल्या. “आमच्या बागबाजारला तर जुन्या स्वाऱ्यांच्या काळी खंदक खणला होता आपल्याला अडवायला. तुझ्या लेकाला कुणाचं भय घालायचं?”

“हा कुणाला भीत नाही हो. मीच त्याला भिते.”

“मग गाडीच घेऊन जा. माझे गुडघे आता क्लचला ऐकत नाहीत. आणि उभी राहिलेली गाडी मरते.”

मग शिकवणी सुरू झाली. काकू शेजारी बसायच्या, हातात काठी.

“हा चोक. थंडीत ओढायचा, तापली की आत. सुरू झाल्याबरोबर रेस करायची नाही. झोपेतून उठवल्या उठवल्या कुणी पळवतं का कुणाला?”

“मला पळवतात ना.”

“गप. आता ऐक... ऐकतेस? कण्हतेय बघ. वरच्या गिअरमध्ये हळू चाललीस की इंजिन असं कण्हतं. गिअर उतरव. क्लच, न्यूट्रल, क्लच सोड, जरासा अ‍ॅक्सिलरेटर... पुन्हा क्लच, मग दुसरा. अगं, ढकलतेस काय! दात मोडतील तिचे!”

“एकाचे येताहेत, दुसरीचे मोडायचे!”

“माझ्या हातून गिअर असा खरकन वाजला ना, तर हे मला उतरवायचे आणि स्वतः बसायचे. इंजिनाला कण्हू द्यायचे नाहीत. आणि दमलेल्या माणसाला तर स्टिअरिंगवर बसूच द्यायचे नाहीत. म्हणायचे, दे इकडे. बस तू.”

उन्मेषने मागच्या सीटला पट्टे बसवून घेतले, त्यात केयूरची खुर्ची पक्की केली. ऋता रोज उजाडताना त्याला घेऊन निघायची. खिदिरपूरचा पूल, हेस्टिंग्ज, फोर्ट विल्यमच्या कडेने मैदान, आणि परत.

डिसेंबरातली एक सकाळ. पुढे भाजीची हातगाडी. ऋताने वेग कमी केला, गिअर मात्र तोच. इंजिन कण्हायला लागलं. तिला ऐकू येत होतं. हात उचलायचा होता. पण हातात जीवच नव्हता.

आणि कण्हणं थांबलं.

गाडी मऊ झाली. सुरळीत चालली.

तिने दांड्याकडे पाहिलं... दुसरा गिअर पडलेला होता.

आपणच टाकला असेल, ती म्हणाली. झोपेत माणूस काय काय करतं.

मग चोक. ती आत ढकलायला विसरायची. परत पाहावं तर आत गेलेला.

मग क्लच.

पुलाच्या चढावर तिने डावा पाय उचलला, खाली नेला... आणि पाय पोकळीतच गेला. पेडल आधीच खाली होतं. कुणीतरी दाबून धरल्यासारखं. अगदी हळू ते वर आलं, तिच्या तळव्याला टेकलं.

गिअर वाजलासुद्धा नाही.

तिने मला फोन केला तेव्हा मी ओरडलेच. “अगं बाई, परत देऊन टाक ती गाडी!”

मग ती म्हणाली, “तुला एक सांगू? मला भीती नाही वाटली. रडू आलं. घरात कुणी म्हणत नाही गं मला, दे इकडे म्हणून.”

मी फोन ठेवला आणि माझ्या लेकीला उगाचच घट्ट धरलं.

आता तो रविवार.

केयूरला रात्रभर कणकण होती. उन्मेष ड्युटीवर. उजाडायला आलं तशी ऋताने त्याला गुंडाळलं, खुर्चीत बसवलं, चोक ओढला. हेस्टिंग्जपर्यंतचं तिला आठवतं. धुक्यात मैदानावरची दोन घोडी आठवतात. एकदा ती आपल्याशीच पुटपुटली होती...

“घ्या तुम्हीच. मला नाही होत आता.”

हात मांडीवर पडले. डोळे मिटले. गाडी चालूच होती.

जाग आली ती उजेडाने.

धुकं नव्हतं. ऊन होतं. डावीकडे नदी.

नदीकाठच्या स्ट्रँड रस्त्यावर, बाबूघाटाच्या जरा अलीकडे, गाडी फुटपाथला लागून उभी होती. अगदी नीट. हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू... इतकं हळू, की कान देऊनच ऐकावं.

कुठे आपटलो नाही. वाचलो. हे पहिलं मनात आलं.

दुसरं आलं... केयूर.

मागून आवाज नव्हता. इतकं ऊन वर आलं होतं. दुधाची वेळ टळून गेली होती. तो रडत कसा नाही?

तिने मान वळवायला घेतली.

मान वळली नाही.

हात उचलला. म्हणजे, उचलायचा ठरवला. हात मांडीवरच होता. दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

फक्त डोळे हलत होते. आरशात केयूरचं टोपरं दिसत होतं. छाती दिसत नव्हती.

श्वास चालू आहे की नाही, कळत नव्हतं.

माणसं जात होती. फिरायला आलेला एक म्हातारा वाकून बघून गेला. दोन मुली बघून गेल्या, एक हसली. सगळ्यांना वाटत होतं, बाई दमलीय, डुलकी लागलीय. ती आतून किंचाळत होती, “काच वाजवा! कुणीतरी काच वाजवा!” ओठ हलत नव्हते.

इंजिन एकसारखं चाललं होतं. कुठेच कण्हत नव्हतं.

तिला वाटलं, असंच राहायचं आता. आणि... हे तिनेच मला सांगितलं... क्षणभर तिला ते बरं वाटलं.

टक टक टक.

“ओ दिदी! दिदी, शुनछो?”

ऐकतेस का, विचारत होती घाटावरून अंघोळ करून आलेली एक बाई. ओली साडी, हातात पाण्याची कळशी.

इंजिन बंद पडलं.

ऋताचा हात हलला. आणि मागे केयूरने असा टाहो फोडला, की त्या बाईने कळशी टाकून दार उघडलं.

त्याच दुपारी ऋता उन्मेषला घेऊन गाडी बागबाजारला सोडून आली. उन्मेषच्या मते सगळं झोपेच्या अभावाने झालं होतं. तो बाहेर फोनवर बोलत राहिला. ऋताने काकूंना सगळं सांगितलं.

काकूंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

“कुठे उभी केली म्हणालीस?”

“बाबूघाटाच्या अलीकडे.”

“हेही तिथेच सापडले. रात्रपाळी करून घरी येत होते. गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला. हँडब्रेक ओढायला विसरले नाहीत बघ. दुपारपर्यंत गाडी चालू होती. लोक येत होते, जात होते. सगळ्यांना वाटलं, साहेब झोपलेत.” काकूंनी पदराने तोंड पुसलं. “कुणीच काच वाजवली नाही गं.”

मग हळूच म्हणाल्या, “वाईट नव्हते हे. दमलेल्याला बसवायचे, स्वतः चालवायचे. पण आता न्यायचं कुठे, तर त्यांना एकच जागा ठाऊक असेल.”

किल्ली त्यांनी देवघरातल्या खिळ्याला लावली.

इथे संपायला हवं होतं.

केयूर पुन्हा झोपेना. पाळणाघर बघितलं, बाई बघितली, कुणी टिकेना. ऋताचा फोनवरचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. मग मागच्या आठवड्यात एकदम शांत झाला.

“छान झोपतो गं हल्ली. मीही झोपते.”

“ऋता, गाडी आणलीस तू?”

“काकूंना विचारायला गेले होते. दाराला कुलूप होतं. नागपूरला गेल्यात म्हणे, बहिणीकडे.”

“मग किल्ली?”

“गाडीलाच होती.” ती म्हणाली. “गाडी चालू होती गं. तापलेली. चोक आत... आणि मागे केयूरच्या खुर्चीचे पट्टे सोडून ठेवलेले.”

मी उन्मेषला फोन केला. तो हसला. “ताई, किती दिवसांनी तिचा चेहरा टवटवीत दिसतोय. कशाला तिच्या डोक्यात भरवता? झोपू दे ना तिला.”

आज सकाळी मी ऋताला फोन लावला. उचलला गेला.

कुणी बोललं नाही. मी हाका मारत राहिले. पलीकडे फक्त इंजिन... एकसारखं, हळू, जराही न कण्हणारं. मग फोन कटला. दुपारी तिचा मेसेज आला, “डोळा लागला होता.” त्यानंतर मला घास गेलेला नाही. मी पुण्यात, ती तिथे. मंगळवारचं तिकीट काढलंय. मंगळवार लांब आहे.

म्हणून हे लिहिलं.

वाचणाऱ्यांत कुणी कोलकात्यात असेल, सकाळी स्ट्रँडवर फिरायला जात असेल, तर बाबूघाटाच्या अलीकडे जरा बघा. सायीच्या रंगाची जुनी गाडी फुटपाथला लागून उभी असेल. इंजिन चालू असेल. आत एक बाई असेल, मागे एक मूल.

ती खूप शांत झोपलेली दिसेल. उठवू नये असं वाटेल.

काच वाजवा.