सरका जरा

दुपारचं जेवण आटोपून डॉक्टरांनी शिशाचा जड एप्रन अंगावर चढवला आणि ते अँजिओग्राफीच्या खोलीत आले. काम रोजचंच होतं. टेबलावर मात्र आज त्यांची ताई होती, आई गेल्यावर त्यांना लहानाचं मोठं करणारी.

“नीट बघ हं,” ताई म्हणाली. “डोकं रिकामं निघालं तर गावभर सांगू नकोस.”

ते कसंबसं हसले. एमआरआयमध्ये मेंदूच्या पार खोल एक सावली दिसली होती. भोवतीच्या रक्तवाहिन्या बघितल्याशिवाय सर्जन तिला हात लावणार नव्हता. गाठ या तपासणीत स्वतः दिसेलच असं नसतं. बाकावर कुणाला जागा द्यावी तशा रक्तवाहिन्या तिच्यासाठी बाजूला होतात, त्यावरून ओळखायचं.

मनगटातून सरकवलेली बारीक नळी मानेपर्यंत पोचली.

“ताई, डोकं दुखतं तेव्हा नक्की काय होतं गं?”

“दुखत नाही रे.” तिचा आवाज खाली आला. “कुणीतरी म्हणतं, सरका जरा. अगदी अदबीनं...”

एसी घरघरत होता. स्पिरिटचा वास नाकात बसला होता. रक्तवाहिन्या दाखवणारा डाय नळीतून सोडला तशी संगणकानं पडद्यावरची कवटी पुसली आणि रक्तवाहिन्या काळ्याभोर उमटल्या. उजवीकडे, खोलवर, त्या वाकून बाजूला झाल्या होत्या.

“पुन्हा घ्या,” डॉक्टर म्हणाले.

या वेळी ती मोकळी जागा डावीकडे होती.

“ताई हलल्या असतील...” तंत्रज्ञ बाई पुटपुटल्या. पेशंट हलला की चित्र धूसर येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. चित्र तर लख्ख होतं.

डॉक्टरांचा धीर सुटला. असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, तरी ओठांतल्या ओठांत ते म्हणाले, “हिला सोड. हवं तर माझ्याकडे ये.”

तिसऱ्यांदा डाय सोडला. सगळ्या रक्तवाहिन्या आपापल्या जागी होत्या.

“गेलं रे!” ताईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. “किती हलकं वाटतंय...”

डॉक्टरांनाही रडू फुटलं. वाकून त्यांनी तिच्या कपाळावरचा पट्टा सोडला. ‘चल, घरी जाऊ,’ असं ते म्हणणार, तेवढ्यात त्यांच्याच उजव्या कानामागे, पार खोल, कुणीतरी अदबीनं म्हणालं,

“सरका जरा... दोघं आहोत.”